गुरख्यांचा हिशेब कुठल्या नोटांत करताय?

आंबा संपत आला. आठ-पंधरा दिवसांत बागेतले नेपाळी राखणदार गावी निघतील. (सगळ्यांना सरसकट 'गुरखा' म्हणायची आपली सवय, ते असो.) बागायतदार मंडळींनो, यंदा त्यांचा हिशेब करताना नोटा कुठल्या देताय ते बघा.

डिसेंबर 2018 मध्ये नेपाळ सरकारने आपल्या 200, 500 आणि 2000 च्या नोटांवर बंदी घातली. त्या बंदीनंतर तिथे चालायची ती शंभरापर्यंतचीच. गंमत म्हणजे आपली रिझर्व्ह बँक मोठ्या नोटांत 25,000 रुपयांपर्यंत तिकडे न्यायला परवानगी देते. म्हणजे सुनौलीच्या फाटकाच्या अलीकडे जे कायदेशीर होतं, ते पलीकडे बेकायदा ठरलं!

यावर काल एकाने मला ऐकवलं, "नेपाळला माज आलाय." मला नाही पटत. 2015 मध्ये नेपाळने आपल्या पाचशे-हजारच्या नोटा घ्यायला मोकळीक दिली होती. लोकांनी विश्वासाने घरात ठेवल्या. पुढच्याच वर्षी 8 नोव्हेंबर उजाडला. आपण रांगा लावल्या, शिव्या दिल्या, पण नोटा बँकेत भरल्या. त्यांनी कुठे भरायच्या? नेपाळ राष्ट्र बँकेकडे पडून असलेल्या जुन्या नोटासुद्धा आपण अजून बदलून दिलेल्या नाहीत, मग घरात पडलेल्यांना कोण विचारतो!

आमच्याकडच्या राखणदाराचे साडेअकरा हजार असेच गेले. तो इथे बागेत, पैसे तिकडे बायकोच्या ट्रंकेत. 30 डिसेंबरच्या आत कुणी इकडे आणून देईल असं माणूसच मिळालं नाही. नोटेवर गव्हर्नरची सही असते, रक्कम देण्याचं वचन असतं. त्याने त्या वचनावर एक अख्खा हंगाम रात्री जागून काढला होता. आता त्याच्या सरकारने मोठी नोट नको म्हटलं, तर राग कसला?

पशुपतिनाथ, मुक्तिनाथच्या टूरला निघालेल्यांनीही हे लक्षात ठेवा. तिथे पाचशेची नोट नाकारली म्हणून हॉटेलवाल्याशी हुज्जत घालू नका. शंभराचे तिथले एकशे साठ, हा भाव ठरलेला आहे. कमी देणाऱ्याकडे बदलू नका.

अडचण एवढीच की बँकेत शंभराच्या नोटा मागितल्या की कॅशियर मोठ्या नोटा पुढे सरकवतो. चाळीस हजार शंभरात न्यायचे तर चार गड्ड्या होतात, आणि गोरखपूरपर्यंत जनरल डब्यात उशाला घेऊन झोपायचं म्हणजे जीव मुठीत.

त्यापेक्षा बँकेतून पाठवता येतात. भारत-नेपाळ रेमिटन्स म्हणून रिझर्व्ह बँकेची योजना 2008 पासून आहे. एनईएफटी असलेल्या शाखेतून, खातं नसलं तरी, एका वेळी 50,000 पर्यंत रोख भरता येते. आमच्या शाखेतल्या साहेबांना ती ठाऊकच नव्हती! दोन हेलपाटे घातल्यावर फॉर्म मिळाला. तुम्ही जाल तेव्हा राखणदाराला एकट्याला पाठवू नका, सोबत जा. त्याला "उद्या ये" म्हणतात, आपल्याला म्हणायला जरा कचरतात.

वाटखर्चाला मात्र सुट्टे लागतीलच. कुणाकडे शंभराच्या नोटा असतील तर कळवा, पाचशेच्या देऊन घेऊन जातो. गाडी गुरुवारची आहे.