सोडायची दोरी

परवा गॅरेज आवरताना एका खोक्यात चार-पाच जुन्या कप्प्या आणि एक विटलेली निळी दोरी सापडली. बायको म्हणाली, "टाकून दे आता." मी नेहमीप्रमाणे खोकं होतं तिथेच परत ठेवलं. त्या दोरीची गोष्ट कधीतरी लिहायची होतीच. आज लिहून टाकतो.

तर झालं असं, की २००५ साली मी एक जुनी शिडाची बोट घेतली. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि तासाभराच्या अंतरावर बार्नेगट बे नावाची लांबलचक, उथळ खाडी आहे. बोट १९६६ सालची, 'डे सेलर' जातीची, पावणेसतरा फूट लांब. उफ्फा फॉक्स या इंग्रज आराखडाकाराची ही बोट जॉर्ज ओडे यांनी १९५८ पासून अमेरिकेत विकायला सुरुवात केली. हेच ओडे पुढे १९६० च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. माझ्या हाती आली तेव्हा बोटीचा रंग उडालेला होता, दोऱ्या कुजलेल्या होत्या आणि बूमला व्हँग नव्हता.

व्हँग म्हणजे काय, तर आधी बूम सांगायला हवा. माझं आजोळ हर्णैचं. लहानपणी पाहिलेल्या गलबतांचं शीड तिरक्या परबाणाला टांगलेलं असायचं आणि त्याची खालची कड मोकळी असायची. इथल्या बोटींच्या शिडाच्या खालच्या कडेला मात्र एक आडवी दांडी असते. तिचं एक टोक डोलकाठीला बिजागरीसारखं अडकवलेलं, दुसरं मोकळं. ही दांडी म्हणजे बूम. वाऱ्याच्या दिशेने वर चढताना शिडाची मुख्य दोरी बूमला आत ओढते आणि खालीही ओढते. पण वारा पाठीशी किंवा बाजूला असला की ती दोरी सैल सोडायची असते. मग खाली ओढणारं कुणीच उरत नाही. बूम वर उचलला जातो, शिडाचा वरचा भाग पिळवटतो आणि निम्मा वारा वाया जातो. तो बूम खाली धरून ठेवण्यासाठी डोलकाठीच्या पायथ्यापासून बूमपर्यंत तिरकी बांधलेली, कप्प्यांतून ओवलेली दोरी म्हणजे व्हँग.

मी इंजिनियर माणूस. म्हटलं, यात काय मोठंसं? वही काढली. बूम साधारण दहा फुटांचा. व्हँग डोलकाठीपासून अडीच फुटांवर अडकवायचा. दोन दुहेरी कप्प्या लावल्या की ताकद चौपट होते. म्हणजे हाताने दहा किलो ओढलं तर दोरीत चाळीस. पण दोरी तिरकी असल्यामुळे त्यातले निम्म्याहून थोडेच जास्त किलो बूमला सरळ खाली ओढतात, आणि बूमच्या टोकापर्यंत पोचताना त्याचाही चौथा हिस्सा उरतो. हाती काय लागलं? पाच-सहा किलो! मला ते फारच कमी वाटलं. आणखी एक कप्पी जोडून मी आठपट केलं. बूमला स्टेनलेसची कडी बसवली. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या मध्ये खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनची पट्टीसुद्धा घातली. इतका विचार केला होता बघा.

दोरी अडकवायला दातेरी जबड्यांचं एक क्लीट असतं. ओढली की दोरी त्यात आपोआप पकडली जाते आणि सोडायची असली की जरा ओढून वर उचलावी लागते. हे क्लीट मी खालच्या कप्पीवरच बसवलं, म्हणजे डोलकाठीच्या अगदी पायथ्याशी. मी बसायचो मागे, सुकाणूपाशी. आमच्यात सहा-सात फुटांचं अंतर. किनाऱ्यावर उभं राहून ओढून पाहिलं तेव्हा सगळं फक्कड चाललं. सोडून पाहायचं काही सुचलं नाही.

२००६ चा ऑगस्ट. लेक अकरा वर्षांची होती. मुलांच्या सेलिंगच्या वर्गात ती दोन आठवडे जाऊन आली होती आणि मला सारखी चुका दाखवायची. उन्हाळ्यात दुपारनंतर त्या खाडीत नैऋत्येचा वारा जोर धरतो. आम्ही वारा बाजूच्या थोडा मागून घेऊन सुसाट चाललो होतो. व्हँग मी तारेसारखा ताणला होता. शीड कसं सपाट, देखणं दिसत होतं!

आणि एक झोत आला. बोट कलली. मी शिकल्याप्रमाणे मुख्य दोरी सोडून दिली. एरवी बूम बाहेर जातो, शीड फडफडतं आणि बोट सरळ होते. पण बूमचं टोक पाण्यात शिरलं होतं. पाणी त्याला बाहेर जाऊ देईना आणि व्हँग त्याला वर जाऊ देईना. व्हँग सुटला असता तर बूम उचलला गेला असता आणि शिडाच्या वरच्या भागातून वारा निसटला असता. मी सुकाणू टाकून पुढे झेपावलो. क्लीटपर्यंत हातही पोचला. पण शिडाचा सगळा भार त्या दोरीवर आला होता. ती आणखी ओढल्याशिवाय जबड्यातून निघणार नव्हती आणि ओढणं एका हाताच्या आवाक्यातलं नव्हतं.

बोट आडवी झाली. मी पाण्यातून वर आलो तर लेक दिसेना. पांढरं शीड पाण्यावर पसरलेलं, आणि ती त्याच्या खाली.

किती वेळ गेला? ती म्हणते, दहा सेकंद. मला विचाराल तर मी अजून मोजतोय. शिडाला एका जागी फुगवटा आला, तो कडेकडे सरकला आणि तिचं डोकं बाहेर आलं. हाताने कापड वर उचलून श्वासापुरती जागा करायची आणि शिवण धरून कडेपर्यंत जायचं, हे तिला वर्गात शिकवलं होतं. मी तिला यातलं काहीही शिकवलेलं नव्हतं.

परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, आईला सांगायचं?" मी म्हटलं, मी सांगतो. सांगितलं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि लेक त्या मोसमात पुन्हा बोटीवर आली नाही.

हिवाळाभर मी तो व्हँग नव्याने लावला. आठपट तसंच ठेवलं, कारण दोष त्याचा नव्हताच. दोरीचं मोकळं टोक डोलकाठीच्या पायथ्याच्या कप्पीतून मागे आणलं, बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना क्लीटं लावली. ती अशा कोनात, की वरच्या दिशेने एक झटका दिला की दोरी सुटावी. मग बूमच्या टोकाला दहा किलोची तांदळाची पिशवी टांगून सोडून पाहिलं. पहिल्यांदा अडकलं. कोन बदलला. अकराव्या खेपेला मनासारखं सुटलं. नंतर पिशवी काढली, शेजाऱ्याला बूम वर रेटायला सांगितलं आणि पुन्हा सोडून पाहिलं.

घट्ट धरून ठेवायचं गणित मी दोन पानं भरून केलं होतं. सोडायचं मात्र एका ओळीचंही केलं नव्हतं. बोटीवरच नव्हे, इतर ठिकाणीही मी असाच वागत आलोय हे घरातल्या दोघींना आधीपासून माहीत होतं म्हणे. असो.

पुढच्या मे महिन्यात लेक आली, पण एका अटीवर. व्हँगची दोरी तिच्या हातात राहील आणि कधी सोडायची ते ती ठरवेल. मी मान्य केलं. त्यानंतर बरेचदा मला वाटायचं, एवढ्यात कशाला सोडली? पण बोललो नाही.

आता ती दूरच्या शहरात नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात चार दिवस आली होती. धक्का सोडण्याआधी तिने सवयीने व्हँग ताणला, झटका देऊन सोडला, पुन्हा ताणला.

"सुटतोय," म्हणाली. "चल, बाबा."