कडक सोडा आणि जावयाचे पिंप

गोटीसोड्याच्या मशीनचा दांडा फिरविण्यात ज्याची हयात गेली त्याच्या उजव्या खांद्याची काय अवस्था होते, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही, आणि इतरांना सांगून सहानुभूती संपादन करण्याचा माझा हेतू नाही. परंतु निपाणीच्या डॉक्टरांनी ‘यापुढे दांड्याला हात लावायचा नाही’ असा हुकूम फर्मावल्यामुळे, आजवर जे काम केवळ हाताने केले त्याविषयी उतारवयात प्रथमच डोक्याने विचार करण्याची पाळी माझ्यावर आली, एवढे नमूद केले पाहिजे. हा विचार माझ्या गावी, मुरगुडात, सुचला असता तर त्यात विशेष काही नव्हते. तो सुचला अमेरिकेत, मिशिगन राज्यात, माझ्या जावयाच्या गॅरेजमध्ये, घरी केलेल्या बिअरच्या एका पिंपासमोर. आणि मी तर गळ्यात तुळशीची माळ घालणारा, आषाढीला पंढरीची वाट धरणारा मनुष्य.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. सासऱ्यासमोर जावयाने मद्याचा विषय काढणे आमच्या मुलखात शिष्टसंमत नाही, म्हणून त्या गॅरेजचे दार आरंभी माझ्यापुरते बंदच असे. परंतु वायू सुटण्याचा बारीक आवाज दाराला जुमानीत नाही, आणि तो कानावर पडत असता दिवाणखान्यात स्वस्थ बसणे मला अशक्य होते. अखेरीस मीच दार लोटले. जावई ओशाळून म्हणाले, “मामा, वास चालंल न्हवं तुम्हाला?” मी म्हणालो, “वासाचं ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. तुमचा गॅस गळतोय कुठनं तरी.” साबणाचे पाणी लावून सांध्यावरचे बुडबुडे दाखवून दिले, आणि त्या क्षणापासून आमच्यातला संकोच संपला.

तिकडे घरच्यापुरती बिअर करण्यास सरकारची मुभा आहे. 1978 साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने तसा केंद्रीय कायदा झाला. दोन प्रौढ माणसांच्या घरात वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर, बिअर विनाकर करता येते. घटक राज्यांनी मात्र आपापल्या सवडीने संमती दिली; अलाबामा आणि मिसिसिपी यांनी ती 2013 पर्यंत लांबविली. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय घरात बिअर करणे हा गुन्हा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी परतल्यापासून मुरगुडात माझ्या दुकानातील पिंपाविषयी जी कुजबुज चालते तिला परभारे उत्तर मिळालेले बरे. माझ्या पिंपात सोडा आहे, आणि सोडाच राहील.

त्या पिंपाविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. उभे, सडपातळ, पोलादाचे, 5 गॅलनचे, सुमारे 19 लिटरचे. डोक्यावर अंडाकृती झाकण आणि दोन तोट्या, एक वायू आत जाण्याची, दुसरी पेय बाहेर येण्याची. ‘कॉर्नेलियस’ या कारखान्याच्या नावाने ते ओळखले जाते. जावई ते मोठ्या प्रेमाने दाखवीत असता मी विचारले, हे बिअरसाठी कोणी काढले? तेव्हा कळले की ते बिअरसाठी काढलेलेच नव्हते. शीतपेयांचे गोड पाक हॉटेलांना पोचविण्यासाठी ती पिंपे होती. एका मोठ्या कंपनीच्या पिंपाची तोटी एका तऱ्हेची, दुसरीची दुसऱ्या तऱ्हेची. पुढे तो पाक खोक्यातल्या पिशव्यांतून जाऊ लागला, पोलादी पिंपे मोडीच्या भावाने विक्रीस आली, आणि घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींनी ती उचलली. सोडावाल्यांचे भांडे बिअरवाल्यांनी नेले, हे ऐकून मला जो आनंद झाला तो प्रौढ मनुष्याला शोभणारा नव्हता. तथापि हिशेब पाहता आम्हीच मूळचे ऋणको आहोत. 1767 मध्ये इंग्लंडातील लीड्स शहरी जोसेफ प्रीस्टली बिअरच्या भट्टीशेजारी राहावयास गेला, आंबणाऱ्या पिंपावर साचलेल्या वायूत त्याने पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून पाहिले आणि त्या पाण्याला चव आली. 1772 मध्ये त्याने ती कृती छापून टाकली. सोड्याचा जन्म बिअरच्या वाफाऱ्यात झाला. आमच्या सिलिंडरात येणारा वायूदेखील पुष्कळदा मळी आंबविणाऱ्या आसवन्यांतूनच गोळा केलेला असतो, ही गोष्ट माळकऱ्याने फार खोलात जाऊन तपासू नये.

आता मूळ अडचणीकडे येतो. जावयांची तक्रार अशी होती की पहिला पेला नुसता फेसाचा भरतो आणि फेस बसल्यावर खाली उरते ते निर्जीव, सपक. “वायू तर भरपूर दिलाय, मामा.” ही तक्रार मी जन्मभर ऐकत आलो आहे, प्रत्येक नवशिक्या सोडावाला तीच करतो, आणि प्रत्येक जण तिच्यावर अधिक वायू हाच उपाय योजतो. वस्तुतः त्या पिंपात वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कमी नव्हता. हवा जास्त होती.

या हवेने मला जितके छळले तितके सावकारानेही छळले नाही. झाकण लावताना पाण्याच्या वर जी रिकामी जागा राहते तीत हवा असते. तिच्यावर वायू सोडला म्हणजे दाबाचा काटा बारा पौंडांवर जातो खरा, परंतु आतल्या दाबातला एक हिस्सा हवेचा असतो, आणि पाणी ओळखते ते केवळ आपल्या वाट्याच्या वायूचा दाब. 1803 साली विल्यम हेन्री या इंग्रजाने हा नियम मांडला: जितका त्या वायूचा स्वतःचा दाब, तितकाच तो पाण्यात विरघळणार. शिवाय हवा पाण्यात वायूच्या मानाने जवळजवळ पन्नासाव्या हिश्शानेच विरघळते, आणि जी विरघळते ती तोटी उघडताच सर्वांआधी बाहेर पडते आणि लग्नघरातून रुसून निघालेल्या पाहुण्याप्रमाणे चार जणांना बरोबर घेऊन जाते. फेस होतो तो तिच्यामुळे. बिअरचे तर याहून वाईट. हवेतील प्राणवायूने तिची चव बिघडते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते म्हणतात. मी चाखलेली नाही.

उपाय सर्वांना ठाऊक आहे, करीत कोणी नाही. वायू भरा, झाकणावरची कडी ओढून सोडून द्या, पुन्हा भरा, पुन्हा सोडा. तीस पौंडांच्या दाबाने भरून सोडले की आतली हवा तिसऱ्या हिश्शावर येते. तीनदा केले की सत्ताविसाव्या. विकत घेतलेला वायू असा वाऱ्यावर सोडून देण्यास जी छाती लागते ती कंजूस माणसाला नसते, आणि म्हणून कंजूस माणसाचा सोडा कधी कडक होत नाही. गोटीच्या मशीनवर हेच मी कॉक किंचित सैल करून, फुस्स होताच आवळून, मग दुसऱ्यांदा वायू देऊन करीत असे. किती सैल आणि किती वेळ, हे मनगटाला ठाऊक होते आणि मला नव्हते. जावयांना समजावून सांगताना प्रथमच ते शब्दांत आणावे लागले, आणि शब्दांत आणताच ते इतके सोपे, इतके क्षुल्लक दिसू लागले की मी काहीसा हिरमुसलो. यासाठीच का मुरगूड-कागल-गारगोटीच्या जत्रांतून लोक माझ्याच गाड्यावर रांग लावीत होते?

दुसरी गोष्ट सबुरीची. गोटीच्या मशीनच्या पिंजऱ्यात बाटली उलटीसुलटी फिरली की मिनिटाच्या आत पाणी वायू पिते. घुसळण हाच आमच्या धंद्याचा आत्मा. जावयांच्या फ्रिजमध्ये पिंप 4 अंशांवर, बारा पौंडांच्या दाबाला जोडून, आठ-दहा दिवस नुसते उभे असते आणि कोणी त्याला हातही लावीत नाही. मी म्हणालो, हलवा. ते म्हणाले, हलवून घाईने केलेली कमीजास्त होते. ठेवली की जेवढी हवी तेवढ्यावर येऊन आपोआप थांबते. बिअरला आपल्या आकारमानाच्या अडीचपट वायू पुरतो. त्या थंडीत त्या दाबाने बरोबर तेवढाच जातो, आणि महिनाभर ठेवले तरी अधिक जात नाही. सोड्याला चारपट लागतो, म्हणून दाब तिसाच्या आसपास. हे इतके न्याय्य, इतके निर्विकार होते की त्यात माझ्या हाताला जागाच नव्हती. रात्री सारे निजले असता मी एकदा गॅरेजमध्ये जाऊन पिंप चांगले खदखदा हलविले. बिअर बिघडली नाही. मला मात्र बरे वाटले.

पुढे फेसाचा उरलेला दोष नळीत सापडला. पिंपातला दाब तोटीपर्यंत येता येता हळूहळू जिरला पाहिजे. नळी आखूड असेल तर तो तोंडाशी एकदम सुटतो आणि वायूही त्याच्याबरोबर सुटतो. 5 मिलिमीटरच्या आतील व्यासाची दहा फूट नळी बिअरला पुरते. सोड्याला तिच्या दुपटीहून अधिक. त्या शनिवारी जावयांचे मित्र आले, पेले भरले, वर दोन बोटे फेस आणि खाली बारीक मण्यांच्या माळा सुटलेल्या. मंडळींनी तोंडभर स्तुती केली. मी कोपऱ्यात ताक घेऊन बसलो होतो. ज्या पेयाचा थेंबही जिभेवर ठेवला नाही त्याची प्रशंसा ऐकून माझी छाती भरून आली, आणि जावई ‘हे मामांनी दुरुस्त केलं’ असे आता म्हणतील, मग म्हणतील, या आशेवर मी जेवणाची पाने वाढीपर्यंत बसून राहिलो. ते म्हणाले नाहीत. त्या रात्री मी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, आणि लेकीने कारण विचारले तेव्हा पोटाचे निमित्त सांगितले.

परत येताना एक रिकामे पिंप कपड्यांच्या बॅगेत घालून आणले. विमानतळावरच्या अंमलदाराने ते उघडावयास लावले, आत डोकावून पाहिले, आणि आत धोतरे निघाल्यावर विशेष चौकशी न करता सोडले.

मुरगुडच्या उन्हाळ्याने मिशिगनची सारी विद्या पुन्हा तपासावयास लावली. जास्तीचा दाब नसता 0 अंशावर पाणी आपल्या पावणेदोनपट वायू धरते, 20 वर एकपटही नाही, 30 वर दोन तृतीयांश. मग वैशाखात ज्या पाण्याने हात पोळतो ते काय धरणार? सिलिंडराचेही तेच. 31 अंशांच्या वर त्याच्यातील द्रव हा द्रवच राहत नाही, आणि काट्याकडे पाहून किती उरले ते एरवीही कळत नाही. मी सिलिंडर तराजूवर तोलतो. जुना डीप फ्रीझर घेतला, पिंप त्यात ठेवले, नळी लांब केली, कडी ओढून हवा काढली, आठवडाभर हात बांधून बसलो. सोडा उत्तम झाला. माझ्या गोटीच्या सोड्याहून उत्तम झाला, हे लिहिताना लेखणी अडखळते, परंतु खोटी साक्ष देण्यात अर्थ नाही. पेला अर्धा होईपर्यंत त्याची धार टिकते.

गिऱ्हाईक तो पीत नाही. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाहून परतणारी मंडळी दुकानासमोर थांबतात, तोटीतून पेला भरताना पाहतात आणि ‘गोटीचा नाही का?’ म्हणून पुढे जातात. त्यांना अंगठ्याखाली गोटी दबल्याचा आवाज हवा असतो, आणि मी त्यांना दोष कसा देऊ? त्याच आवाजावर मी जन्मभर पैसा मिळविला. डोळे मिटून, केवळ गोटी खाली पडल्याच्या नादावरून सोडा कोणाचा ते मी सांगतो अशी माझी ख्याती होती. ती निम्मी खरी होती, निम्मी मी पसरविली होती.

हल्लीच्या स्पर्धकांविषयी फारसे बोलावेसे वाटत नाही, तरी बोलतो. जत्रेत रंगीत दिव्यांखाली मसाला टाकून पेल्यातून फवारा उडविणारे जे लोक आहेत ते सोडावाले नव्हेत, ते तमासगीर आहेत. मीठ टाकले की कोणताही सपक सोडा क्षणभर उसळतो आणि मग मरतो. प्लॅस्टिकच्या बाटलीची भिंतच वायू झिरपू देते, म्हणून ती दुकानात उभ्या उभ्या म्हातारी होते. खरे धंदेवाईक पाहावयाचे तर पारशी. मुंबईचे पालनजी 1865 पासून, पुण्याचे अर्देशीर 1884 पासून. काच आणि सचोटी यांच्यावर त्यांनी पिढ्या काढल्या. पांडोळे यांचे ड्यूक्स 1889 चे. 1994 मध्ये ते पेप्सीकडे गेले, त्याच्या आदल्याच वर्षी कोका-कोला देशात परतला होता. आमच्यासारख्या तालुक्याच्या कारखानदारांची दप्तरे तेव्हापासून हळूहळू मिटत गेली, आणि कोणी त्यांची नोंद ठेवली नाही.

दांडा आता दुकानातले पोर फिरवते. त्याला कॉक सैल करण्याचे मिनिट सापडत नाही. मी बाजूला बसून ‘आता’ म्हणतो, आणि माझे ‘आता’ त्याच्या हातापर्यंत पोचेस्तोवर वेळ निघून गेलेली असते. पिंपावर त्याला कडी तीनदा ओढावयास सांगितली की झाले. ते काम तो माझ्याइतकेच चांगले करतो, आणि म्हणूनच मला ते शिकविण्यात गोडी नाही. गोटीवर त्याच्या हातून बाटल्या फुटतात. 1872 साली हायरम कॉड याने जिचे पेटंट घेतले ती ही बाटली करणारे कारखाने देशात आता फार थोडे उरले असून, उत्तर प्रदेशातील सासनीहून माल मागवावयाचा तर आमच्यासारख्याच्या ऐपतीपेक्षा मोठी मागणी नोंदवावी लागते.

म्हणून वाचकांस एक विनंती. कागल, भुदरगड, राधानगरी, निपाणी या टापूत जुन्या घरांच्या माळ्यांवर गोटीच्या बाटल्या अजून पडून आहेत, हे मला पक्के ठाऊक आहे. त्या भंगारवाल्याला घालू नयेत. रंग हिरवा असो वा निळा, गोटी नसली तरी चालेल, वायसर मी नवा बसवीन; फक्त तोंडाची कड शाबूत असावी आणि गळ्याला तडा नसावा. मुरगूडच्या बाजारात सोड्याचे दुकान कोणीही दाखवील. वाजवी दाम रोख मिळेल, आणि पिंपातला एक पेला फुकट.