जाहीर पत्र

नातू सुट्टीला आला की आमच्या घरात दोन आवाज वाढतात. एक फ्रिजच्या दाराचा आणि दुसरा त्याच्या गाण्यांचा. एरवी तो कानात बोंडं घालून ऐकतो, त्यामुळे मला फक्त हलणारी मान दिसते. या खेपेस मी म्हटलं, "अरे, काय ऐकतोस ते मलाही ऐकव की. गांधर्वच्या मध्यमेपर्यंत परीक्षा दिल्या आहेत तुझ्या आजीने."

"आजी, तुला नाही झेपायचं," तो म्हणाला.

चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईला असं म्हणू नये. मी हट्टाला पेटले.

मग त्याने टीव्हीवर एक कार्यक्रम लावला. फिनलंडची राजधानी हेलसिंकी, तारीख २१ ऑक्टोबर २००५, बँडचं नाव नाइटविश. खच्चून भरलेलं सभागृह. गिटारी आणि ड्रम सुरू झाले आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशांचं पथक अगदी जवळून गेलं की छातीत जसं होतं, तसं झालं. मी रिमोट शोधायला लागले. तेवढ्यात त्या सगळ्या गदारोळाच्या वर एका बाईचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. स्वच्छ, भरीव, अगदी सुरेल आवाज. ढोल-ताशांच्या मधोमध उभं राहून कुणी शांतपणे आलाप घ्यावा आणि तो शेवटच्या माणसापर्यंत पोचावा, तसं काहीसं. मी रिमोट खाली ठेवला.

तिचं नाव टार्या तुरुनेन.

कार्यक्रम संपता संपता नातू म्हणाला, "आजी, याच कार्यक्रमानंतर तिला बँडमधून काढून टाकलं."

"म्हणजे कसं?"

"पत्र लिहून. आणि तेच पत्र वेबसाइटवर टाकलं, सगळ्या जगाला वाचायला."

मी गप्प झाले. का, ते त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. तुम्हाला सांगणार आहे, पण आधी तिची गोष्ट.

कितेए हे फिनलंडच्या पूर्वेकडचं, रशियाच्या सरहद्दीजवळचं लहानसं गाव. वस्ती दहा हजारांच्या आसपास, भोवती तळी आणि जंगल. हे गाव देशात प्रसिद्ध कशासाठी, तर चोरून गाळलेल्या दारूसाठी! 'कितेएची नितळ' असं तिचं नावच पडलं आहे. अशा गावाच्या परिसरात १७ ऑगस्ट १९७७ रोजी टार्याचा जन्म झाला. वडील सुतार, आई गावच्या प्रशासनात नोकरीला. सहाव्या वर्षी ती पियानो शिकायला लागली. फिनलंडमध्ये एक गोष्ट फार चांगली आहे. सरकार आणि नगरपालिका यांच्या मदतीने चालणाऱ्या संगीतशाळा तिथे गावोगावी आहेत, त्यामुळे सुताराच्या मुलीलाही रीतसर संगीत शिकता येतं.

आवाज चांगला म्हणून शाळेत कौतुक झालं तसा जाचही झाला. तिच्या आवाजाचा हेवा करणाऱ्या मुली तिला छळायच्या. माझी उभी हयात मुलींच्या शाळेत गेली आहे, त्यामुळे हे मला वेगळं समजावून सांगायला नको. गुणी मुलीला वर्गात एकटं पाडणं ही फार जुनी कला आहे, आणि ती सगळ्या देशांत चालते असं दिसतं.

पुढे सेरा ब्राइटमनचं गाणं ऐकून तिला शास्त्रीय गायनाची ओढ लागली. सावोनलिन्ना या गावी कला आणि संगीताचं खास विद्यालय आहे, तिथे ती शिकली. हे गावही संगीताचंच. तिथल्या जुन्या किल्ल्यात दर उन्हाळ्यात ऑपेराचा मोठा उत्सव भरतो. त्यानंतर वयाच्या अठराव्या वर्षी ती कुओपिओला सिबेलियस अकादमीत दाखल झाली.

१९९६ च्या उन्हाळ्यात कितेएचाच एक मुलगा, टुओमस होलोपाइनेन, मित्रांबरोबर तळ्यातल्या एका बेटावर शेकोटीभोवती बसला होता. तिथे त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. कीबोर्ड, साधी गिटार आणि एका स्त्रीचा आवाज, बस्स. गिटारला एम्पू वुओरिनेन आणि गायला टार्या असं तिघांचं मिळून सुरू झालं. पण तिचा आवाज त्या हळुवार साथीत मावेना. म्हणून मग विजेच्या गिटारी आणल्या, ड्रम आणले आणि आवाजाला शोभेल एवढं मोठं घर बांधलं. मला ही गोष्ट फार आवडली. आपण सहसा उलटं करतो. घर लहान पडतं म्हणून माणसाला वाकून राहायला सांगतो.

तिच्या आवाजाला सोप्रानो म्हणतात, म्हणजे स्त्रीच्या आवाजातली सगळ्यात वरची जात. ऑपेराचे गायक माइक नसताना पूर्ण वाद्यवृंदाच्या वर ऐकू जातात, ते घसा ताणून नव्हे, तर श्वासावरच्या ताब्यामुळे आणि त्यावर साधलेल्या आवाजाच्या अनुनादामुळे. ही विद्या घेऊन ती रॉकच्या मंचावर उभी राहिली. १९९७ ला पहिला अल्बम आला, १९९८ ला 'ओशनबॉर्न', २००० ला 'विशमास्टर'. २००१ साली मार्को हिएताला हा दाढीवाला बँडमध्ये आला. तो बास गिटार वाजवायचा आणि गायचाही. २००२ च्या अल्बममध्ये त्याचं आणि टार्याचं 'फँटम ऑफ द ऑपेरा'तलं द्वंद्वगीत आहे. ज्या गाण्यांनी लहानपणी तिला वेड लावलं, तिथेच ती अशी परत आली. २००४ चा 'वन्स' तर फिनलंडमध्ये आणि जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. मग वर्षभराहून जास्त काळ देशोदेशी दौरे.

मधल्या काळात आयुष्यही चालूच होतं. जर्मनीत कार्ल्सरूहेला पुढचं शिक्षण, अर्जेंटिनाच्या मार्सेलो काबुलीशी लग्न, आणि २००३ साली आईचा मृत्यू.

आणि मग ती ऑक्टोबरची रात्र. कार्यक्रम संपल्यावर चौघांनी सह्या केलेलं पत्र तिच्या हाती दिलं गेलं आणि लगोलग ते जाहीरही झालं. मतितार्थ असा, की तू बदललीस, तू आणि तुझा नवरा पैशाचाच विचार करता, आता तुझ्याबरोबर काम करणं शक्य नाही. नऊ वर्षांची सोबत त्या पत्राने संपली. गावातल्या मुलाने गावातल्या मुलीला लिहिलेलं पत्र जगभर वाचलं गेलं, आणि हजारो अनोळखी लोक दोन बाजूंना उभे राहून भांडू लागले.

चौघांना दुष्ट म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. असं पत्र माणूस दुष्टपणाने नव्हे, तर दुखावल्यावर लिहितो. हे मला कसं कळलं? तर मी स्वतः लिहिलं आहे.

१९८४ ची गोष्ट. मी मराठी शिकवायची आणि समूहगीताचा गट माझ्याकडे होता. त्या वर्षी गटात नववीतली एक मुलगी होती. आवाज असा, की तालमीला शेजारच्या वर्गातले सर खडू हातात धरून दाराशी थांबायचे. जिल्ह्याच्या स्पर्धेला मी तिच्या जिवावरच निघाले होते. आणि गणपतीनंतर ती तालमी चुकवायला लागली. कुणीतरी सांगितलं, की ती मामाबरोबर ऑर्केस्ट्रात गाते, रात्री उशिरापर्यंत, पैसे घेऊन. मला भयंकर राग आला. मी हिला घडवली, आणि ही पैशासाठी सिनेमाची गाणी गात फिरते! तिला बोलावून विचारावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या मनात निकाल लागलेला होता.

मी सूचनावही मागवली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, शाळेत शिपाई ही वही घेऊन वर्गावर्गांत जातो, तासावरचे शिक्षक ती मोठ्याने वाचतात आणि सही करून परत देतात. मी सुवाच्य अक्षरात तिचं नाव, तुकडी, आणि 'बेशिस्त व पैशाचा मोह' या कारणास्तव तिला समूहगीताच्या गटातून कमी करण्यात येत आहे, असं लिहिलं. अठरा वर्गांत ते वाचलं गेलं. त्यातला एक वर्ग तिचा होता.

स्पर्धेत आम्हाला काहीच मिळालं नाही. ती पुढे माझ्या तासाला वर पाहायची नाही, एवढंच. दहावी झाली आणि निघून गेली. मी सेवानिवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ते ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

आता टार्याचं पुढे काय झालं, ते सांगते. ती थांबली नाही. २००६ ला नाताळच्या गाण्यांचा अल्बम, २००७ ला 'माय विंटर स्टॉर्म'. २०१२ साली मुलगी झाली. २०१५ ला तिने वेगवेगळ्या संगीतकारांनी बांधलेल्या 'आवे मारिया'च्या रचनांचा एक संपूर्ण अल्बम केला. रॉक आणि शास्त्रीय ही दोन्ही दारं तिने उघडी ठेवली. नाइटविशही थांबला नाही, नव्या गायिका आल्या. मार्को जानेवारी २०२१ मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि आपल्या नैराश्याबद्दल त्याने मोकळेपणाने लिहिलं.

आणि २०२४ साली टार्या दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, तेव्हा तिच्याबरोबर मंचावर कोण होतं? मार्को हिएताला. त्या पत्राखाली ज्या चार सह्या होत्या, त्यांतली एक त्याची. त्याच वर्षी दोघांचं एक नवं गाणंही आलं. नातवाने मला त्या दौऱ्याची चित्रफीत दाखवली. दोघंही आता वयाने वाढलेली. तेच जुनं द्वंद्वगीत, ती गाते, तो गातो, मध्येच एकमेकांकडे बघून हसतात.

त्यांच्यात आधी काय बोलणं झालं असेल, तो त्यांचा मामला. पण पत्र जाहीर होतं आणि समेट मात्र आपापसात झाला, हे मला महत्त्वाचं वाटलं. चौघांची तक्रार खरी असेलही. माझीही पूर्ण खोटी नव्हती, पोरगी तालमीला येत नव्हतीच. पण जे तिला एकटीला सांगायचं ते आधी सगळ्यांना सांगितलं, की त्या तक्रारीतलं खरेपण संपतं. ऐकणाऱ्याच्या हाती उत्तर उरत नाही, फक्त उभं राहणं उरतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप गटातल्या एकीकडून नंबर मिळवला. दोन दिवस तो कागद देवघरापाशी पडून होता. तिसऱ्या दिवशी फोन लावला.

नाव सांगितल्यावर पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग, "बाई? तुम्ही?"

मी म्हटलं, "तुझी एक सूचना वाचली गेली होती..." पुढे माझ्याच्याने बोलवेना.

"लाल पुठ्ठ्याची वही होती," ती म्हणाली. "आठवतंय मला."

आई तेव्हा इस्पितळात होती, तिने सांगितलं. ऑर्केस्ट्राचे एका रात्रीचे साठ रुपये मिळायचे. मी एवढंच म्हटलं, "मी तुला विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "हो बाई, विचारायला हवं होतं." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही ते मागून घेतलं नाही. आजीबाईने रडून पन्नाशी उलटलेल्या बाईकडून दिलासा उकळायचा, हेही बरं नव्हे.

"गातेस का अजून?" मी शेवटी विचारलं.

"भजनी मंडळात. एकादशीला असतं आमचं. या कधीतरी ऐकायला."

मग मी जरा भीत भीत विचारलं, की हे सगळं मी लिहिलं तर चालेल का, तुझं नाव न घालता. ती पहिल्यांदा हसली.

"लिहा की बाई. अठरा वर्गांत वाचलं होतं ना, मग हेही चार लोकांनी वाचू दे. आणि नाव नको असं नाही, पण राहू दे."

म्हणून लिहिलं. तिला आधी विचारून.

येत्या एकादशीला नातू मला गाडीने सोडणार आहे. त्यालाही आता सगळं सांगितलं आहे.