घोरणाऱ्याची साक्ष

घोरण्याचे सगळे प्रकार एका रात्रीत ऐकायचे असतील, तर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला आमच्या माळशिरसला यावे. नातेपुत्याहून चालत आलेला वारकरी तंबूत, व्हरांड्यात, दुकानाच्या फळीवर, मिळेल तिथे अंग टाकतो आणि घटकाभरात साऱ्या गावाला एक वेगळाच सूर लागतो. कुणी बारीक शीळ घालतो, कुणी खर्जात उतरतो, कुणी पिठाच्या गिरणीसारखा एका लयीत चालू राहतो. जागे असलेले लोक हसतात आणि म्हणतात, "दमला बिचारा. बघा कशी गाढ झोप लागलीय!"

घोरणे म्हणजे गाढ झोप, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. कुंभकर्णाची गोष्ट सांगतानाही आपण आधी घोरून दाखवतो आणि पोरे हसली की मग पुढे जातो. आमच्या घरात तर माझ्या घोरण्याला एक प्रकारचा मान होता. माझा आवाज माडीवरून खाली सोप्यात आला, की आई समाधानाने म्हणे, "निजला एकदाचा."

आता ज्या माणसाच्या झोपेचे असे कौतुक होते, त्याने दिवसा ताजेतवाने असायला हवे. पण सकाळी उठल्यावर माझे डोके जड असे. दुपारच्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता हातातला खडू थांबे. रक्तदाबाला दोन-दोन गोळ्या चालू होत्या, तरी तो खाली उतरायला तयार नव्हता. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मला पुण्याला पाठवले.

तिथल्या तज्ज्ञांनी माझी नाडी पाहिली, घसा पाहिला, हनुवटी बाजूने न्याहाळली आणि विचारले, "रात्री तुमच्याजवळ कोण असतं?" मी म्हणालो, पत्नी. ते म्हणाले, "त्यांना आत बोलवा. या दुखण्यात आम्ही पेशंटवर फारसा भरवसा ठेवत नाही. ते त्या वेळी झोपलेले असतात!"

पत्नी आत आली, पदर सावरून बसली आणि कोर्टात साक्ष द्यावी तशी सांगू लागली. "घोरत्यात, घोरत्यात आन एकदम गप होत्यात. छाती हलते, पण श्वास न्हाई. मी आकडे मोजते. एकदा तीसपर्यंत मोजलं. मग हिसका बसल्यागत होतं आन पुन्हा सुरू."

"किती दिवस चाललंय हे?"

"धाकटीच्या जन्मापासनं. अकरा वर्षं झाली."

अकरा वर्षे मी शेजारी निजत होतो आणि ही आकडे मोजत होती. ते मला त्या दिवशी एका परक्या माणसासमोर कळले.

मग एका रात्री डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून मला झोपवले. सकाळी हिशेब हातात आला. दर तासाला एक्केचाळीस वेळा माझा श्वास अडत होता किंवा अर्ध्यावर येत होता. दहा सेकंदांपेक्षा कमी वेळ अडलेला श्वास या हिशेबात धरतच नाहीत. तासाला पाचाच्या आत असेल तर ठीक, तिसाच्या वर गेले की दुखणे तीव्र समजायचे. सात तासांच्या झोपेत माझा आकडा पावणेतीनशेच्या वर जात होता.

या दुखण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. दुसरा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ श्वास नसणे एवढाच. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, आणि वाट मुळातच अरुंद असली तर ती बंद होते. आमच्या नीरा उजव्या कालव्याच्या भागात हे समजावून द्यायला फार बोलावे लागत नाही. पाटाच्या तोंडाशी ढेकूळ अडकले की पाणी आधी खळखळ वाजते आणि मग तटते. ती खळखळ म्हणजे घोरणे. पाणी तटले की मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागे करतो, श्वास मोकळा होतो, पुन्हा डोळा लागतो आणि पुन्हा पाणी तटते. झोपणाऱ्याला यातले काहीच आठवत नाही. हृदयाला मात्र रात्रभर ओढ बसत असते. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी या दुखण्याचेच नाव घेतले होते.

माणसे घोरत आली ती आदिकाळापासून. पण झोपलेल्याच्या अंगाला तारा लावून हा श्वासाचा खेळ शास्त्रज्ञांनी नोंदवला तो १९६५ साली, फ्रान्समध्ये आणि जर्मनीत. पुढे १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती जगापुढे मांडली. आजही पहिला उपाय तोच, आणि पुष्कळांना तो मानवतो. मला वर्षभरात मानवला नाही. मुखवटा झोपेत निसटे, आणि गावाकडची वीज कधी जाईल याचा नेम नसे. माझा खालचा जबडा जन्मतःच आखूड आणि मागे सरकलेला. त्यामुळे घशाची वाट अरुंद. तेव्हा जबडेच पुढे आणायचे ठरले.

जबडे पुढे आणायचे, हे वाक्य उच्चारायला सोपे आहे. रने ल फोर या फ्रेंच डॉक्टराने प्रेतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात ते शोधले आणि १९०१ साली प्रसिद्ध केले. वरचा जबडा मोकळा करताना आजचे सर्जन त्यातल्याच एका रेषेच्या वाटेने जातात. खालचा जबडा दोन्ही बाजूंना उभा चिरून सरकवायची रीत ओब्वेगेझर नावाच्या सर्जनने १९५० च्या दशकात बसवून दिली. माझे दोन्ही जबडे तोंडाच्या आतूनच कापले, सुमारे एक सेंटिमीटर पुढे आणले आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी व स्क्रूंनी पक्के केले. भाद्रपद संपता संपता हे झाले.

तिसऱ्या दिवशी माझे तोंड इतके सुजले, की आरशात मला भोपळा दिसला. खालचा ओठ आणि हनुवटी यांना संवेदनाच नव्हती. चहा ओघळून सदऱ्यावर येई, आणि तो आल्याचे मला दुसऱ्याने सांगावे लागे. वरचे आणि खालचे दात रबरी कड्यांनी एकमेकांना जखडलेले. उशांना टेकून अर्धवट बसूनच झोपायचे. बोलणे बंद, म्हणून धाकटीने आपली जुनी पाटी आणून दिली. वर्गातली पोरे भेटायला आली, तेव्हा गुरुजींना पाटीवर लिहिताना पाहून त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. एकाने जवळ येऊन दबक्या आवाजात विचारले, "गुरुजी, शुद्धलेखन तपासू का?"

भाकरी हा आमच्या मुलखाचा श्वास आहे, आणि मला तर चावायचीच बंदी! आईने त्यावर तोड काढली. ज्वारीच्या पिठाची आंबील, हुलग्याचे माडगे, मुगाचे कळण, तांदळाची पेज, सगळे फडक्यातून गाळून पिचकारीने गालाच्या फटीतून आत. पहिला घोट उतरला तेव्हा माझ्या लक्षात आले, की दुष्काळात आणि आजारपणात माणसे जगवणारे हे पदार्थ आमच्या बायकांनी कधीच शोधून ठेवले होते. पाचव्या आठवड्यात दिवाळी आली. घरभर चकल्या तळल्याचा वास, आणि माझ्या वाटीत कोमट दुधात विरघळवलेला रव्याचा लाडू. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "थोरल्या मामाची हनुवटी आली तुला." ओठाला मुंग्या येऊ लागल्या होत्या. नस जागी होत असल्याची ती खूण, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्या मुंग्यांचा मला कंटाळा आला नाही.

पण त्या दिवसांतली जी गोष्ट मनात राहिली, ती त्याआधी तिसऱ्या आठवड्यातली. सूज उतरली होती, नाक मोकळे झाले होते. मध्यरात्री जाग आली, तर बारीक दिव्याच्या उजेडात पत्नी माझ्या उशाशी बसलेली. मी पाटी ओढून लिहिले, "काय झालं?"

ती म्हणाली, "आवाजच न्हाई काही. झोप येईना."

अकरा वर्षे तिच्या कानांनी एकच धडा गिरवला होता: आवाज थांबला की श्वास थांबला, आणि आपण उठून बसायचे. माझा घसा डॉक्टरांनी चार-पाच तासांत मोकळा केला. तिचा कान मोकळा करणारा सर्जन कुठेच नव्हता. मी पाटीवर लिहिले, "चालू आहे." तिने ते वाचले, मान हलवली, आणि तरीही माझ्या नाकाशी बोट धरून पाहिले. असे पुष्कळ रात्री चालले. संक्रांतीच्या सुमारास मी दुधात चुरून का होईना, भाकरी खाऊ लागलो, आणि साधारण त्याच दिवसांत ती एकदा सकाळपर्यंत सलग झोपली. चैत्रात पुन्हा तारा लावून तपासणी झाली. एक्केचाळीसावरून आकडा सहावर आला होता. रक्तदाबाची एक गोळी सुटली. तो कागद मी तिच्या हातात दिला. तो तिचा निकाल होता.

वाचक हो, दिवाळीत तुमचेही घर पाहुण्यांनी भरेल. सोप्यात ओळीने गाद्या पडतील, काका, मामा, आत्या, जावई सारे शेजारी शेजारी निजतील, आणि कुणाचा तरी सूर लागला की पोरे तोंडावर पांघरूण घेऊन हसतील. त्यांना हसू द्या. तुम्ही मात्र क्षणभर कान द्या. सूर एका लयीत चालला असेल तर कूस बदलून झोपा. तो मध्येच तुटत असेल आणि हिसका बसून पुन्हा सुरू होत असेल, तर मनातल्या मनात आकडे मोजा, आणि सकाळी फराळाच्या वेळी त्या माणसाला बाजूला घेऊन ते सांगा. त्याला ते माहीत नसणार. शेजारी निजणाऱ्या त्याच्या माणसाला बहुधा माहीत असेल, तिलाही विचारा.