पेटीला कुलूप नको

विद्यादानाचे माहात्म्य आपल्याकडे कीर्तनांतून आणि पुराणांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. उत्सवाच्या संतर्पणात एखाद्या लहानग्याने पानावरचे सांडले, तर त्याला पंगतीतून कोणी उठवीत नाही. परंतु पुस्तक देण्याची वेळ आली की आपला हात आखडतो. ग्रंथ दिला जातो आणि त्यामागोमाग कपाटाचे कुलूपही येते.

वडोदऱ्याचे उदाहरण या बाबतीत मननीय आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर हाती पुस्तक राहिले नाही तर शिकलेली अक्षरेही पुसून जातात, हे त्यांनी ओळखले होते. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, आणि पुढे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. ने-आणीचा खर्च संस्थानाने सोसला. १९३१ साली दक्षिणेत मन्नारगुडीच्या आसपास बैलगाडीतून ग्रंथालय फिरू लागले. त्याच वर्षी रंगनाथन यांनी आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हाच त्यांतील पहिल्या सूत्राचा आशय.

आमच्या देवस्थानाच्या आश्रयाने आम्ही पाच-सहा मंडळी गेली चार वर्षे सत्तरीतील एका डोंगरकडेच्या वाडीवर दर महिन्याला अशीच एक पेटी नेतो. तेथील बहुतेक मुलांचे आईबाप दुसऱ्यांच्या कुळागरांत आणि काजूच्या बागांत रोजंदारीवर राबतात. मुले घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. म्हणून पेटीत दोन्ही भाषांची पुस्तके असतात. पिंपळाच्या पारावर आम्ही एक गोष्ट मोठ्याने वाचतो, आणि मग मुले आपापल्या आवडीचे पुस्तक घरी नेतात.

एका पावसाळ्यात नऊ वर्षांची एक मुलगी तासभर एकच पुस्तक चाळीत बसली होती. निघताना तिने ते पेटीत परत ठेवले. घरी का नेत नाहीस, असे विचारल्यावर ती हलकेच म्हणाली, “घर गळटा. पुस्तक भिजलें जाल्यार?” पूर्वी अन्यत्र तिच्या थोरल्या भावाने आणलेले पुस्तक फाटले, तेव्हा त्याची किंमत आईच्या मजुरीतून भरावी लागली होती, असे मागाहून समजले. त्या घराने तेव्हापासून पुस्तकाचा धसकाच घेतला होता.

त्या दिवसापासून आमच्या वहीत दंडाचा रकाना नाही. पावसात प्रत्येक पुस्तकासोबत प्लॅस्टिकची पिशवी जाते. फाटलेले पान आम्ही मुलांसमवेत बसून खळीने चिकटवितो. जे पुस्तक अगदीच निकामी होते, त्याची नोंद ‘वाचून झिजले’ अशी करतो. चार वर्षांत अशी एकतीस पुस्तके झिजली आणि सात परत आली नाहीत. ती मुलगीही आता पुस्तके नेते. तिने परत आणलेल्या एका पुस्तकावर हळदीची बोटे उमटलेली होती. चुलीपाशी आजीला गोष्ट वाचून दाखविली, असे तिने सांगितले.

हा हिशेब आमच्या वार्षिक सभेत वाचला गेला तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, देवाच्या पैशाची ही नासाडी नव्हे काय, असा प्रश्न केला. प्रश्न रास्त होता, कारण तो पैसा भाविकांचा आहे. त्यावर आमचे उत्तर एवढेच होते की, समईतले तेल रात्रभर जळते आणि ते सकाळी कोणी परत मागत नाही. ज्या पुस्तकाला वर्षानुवर्षे एकही डाग पडत नाही, त्याचा उपयोग कोणाला झाला, हाच प्रश्न आधी विचारावयास हवा. सभेने पुढील वर्षाची रक्कम मंजूर केली. परंतु ती एका मताच्या आधिक्याने झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. आपल्या देवस्थानाच्या अंदाजपत्रकात मुलांच्या पुस्तकांसाठी थोडी तरतूद करावी, आणि त्याच वेळी किती पुस्तके हरवतील, फाटतील, याचाही अंदाज खर्चाच्या बाजूस आधीच मांडून ठेवावा. ज्याच्या घराचे छप्पर गळते त्या मुलाच्या हाती निःशंकपणे पुस्तक देता यावे, यासाठी एवढे करणे अगत्याचे आहे.