आजोबांची चोपडी

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवीं आमच्या घरांत आजोबांची जुनी चोपडी अद्याप आहे. ऋणकोचें नांव, गांव, शेत, साक्षीदार हें सारें लिहिल्यावांचून ते कोणास पैसा देत नसत. मीं मात्र २०२५ सालीं निवृत्तीच्या पुंजींतील ५०,००० रुपये मोबाइलवरून एका मध्यस्थ कंपनीमार्फत व्याजानें दिले. ‘१२ टक्के निश्चित, हवे तेव्हां परत,’ असें तिचें वचन होतें. नातीच्या फीसाठीं रक्कम मागतांच उत्तर आलें, ‘कर्जदारांनीं थकविली!’ ते कर्जदार कोण, हें मला ठाऊकच नव्हतें.

मग मीं नियम वाचले. अशा मध्यस्थांस रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. तिच्या नियमांप्रमाणें ऋणकोची माहिती देऊन धनकोची संमति घेतल्यावांचून कर्ज देतां येत नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें निश्चित परताव्याचें आमिष दाखविण्यासही स्पष्ट मनाई झाली. कर्ज बुडाल्यास तोटा मात्र धनकोचाच. हें सारें आधीं वाचावयाचें, तें मीं मागाहून वाचलें.

वाचकहो, आजोबांची जी रीत, तीच कायद्याचीही आहे. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार धाडली आहे. चोपडीच्या कोऱ्या पानावर मीं ती रक्कम मांडली. ऋणकोच्या नांवाची जागा मात्र रिकामीच राहिली.