परळचा फेरा आणि गावचे खुराडे

लालबागच्या मसाला गल्लीतून बाहेर पडले की मिरचीचा ठसका परळच्या वाटेवर बराच वेळ सोबत करतो. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीच्या एका शनिवारी मी त्या वाटेने निघालो, तो गावच्या कोंबड्यांच्या कामासाठी!

मंडणगड तालुक्यातल्या गावाहून आईचा फोन आला होता. रात्री कोणीतरी पडवीतले डालगे उलथवले आणि अकरापैकी सात कोंबड्या गेल्या. अंड्यांचे पैसे ही आईची स्वतःची मिळकत. माझी बी.कॉम.ची फी तिने त्यातूनच जमवली होती. "बाळा, मुंबईचा एखादा दांडगा कुत्रा घेऊन ये," ती म्हणाली.

परळला आधी हाफकिन संस्था लागली. जुन्या काळी येथे गव्हर्नरचा बंगला होता. १८९९ साली तेथे प्लेगवरील संशोधनाची प्रयोगशाळा आली. कुत्रा चावल्यावर द्यायची लसही येथे अनेक दशके तयार होत असे. परळमध्येच १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जनावरांचे मोठे रुग्णालय आहे. तेथे एका डॉक्टरांना मी कुत्र्याची जात विचारली.

त्यांनी उलट विचारले, "कोंबड्या रात्री कशात असतात?"

"डालग्याखाली."

"आणि घरचा कुत्रा?"

"मोत्या मागच्या दारी साखळीला. तो भुंकत होता, पण कोणी उठले नाही."

"मग त्याने त्याचे काम केले," डॉक्टर म्हणाले. त्यांनी समजावले ते असे : मुंगूस दिवसा येतो, रानमांजर आणि कोल्हा बहुधा रात्री किंवा झुंजूमुंजू होताना. कुत्रा वास घेतो, भुंकतो, लहान जनावराला पळवतो. पण बिबट्यापुढे तोच भक्ष्य ठरतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के कुत्रीच निघाली. रात्री बाहेर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

मी कुत्रा न घेता परतलो. वाटेत अर्ध्या इंची भोकाची जाड वेल्डेड जाळी आणि दोन कड्या घेतल्या आणि ते भेंडोळे परळ आगारातून एस.टी.ने गावी नेले. जांभ्या दगडाचा पाया घालून खुराडे उभे केले. खालून कोणी उकरू नये म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूस वळवली. तिन्हीसांजेला कोंबड्या मोजून कडी लावायची, हे काम आईने स्वतःकडे घेतले.

मोत्या आता रात्री पडवीत, दाराच्या आत मोकळा झोपतो. त्याला रेबीजची लस टोचली; ती दर वर्षी टोचायची. नवे पिल्लू पाळणाऱ्यांनी ते लहानपणापासून कोंबड्यांत वाढवावे आणि त्यांच्यामागे धावू लागताच थांबवावे. कुत्रा किंवा रानटी जनावर चावलेच, तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये, त्यात जीव जातो.

परवा आईचा फोन आला. "रात्री मोत्या लय भुंकला. मी बत्ती घेऊन उठले, कोंबड्या मोजल्या. साऱ्या हायत."